पाण्याचा जिना आणि माहेरची वाट

अमेरिकेत मुलांकडे, भावंडांकडे जाऊन आलेल्या बायका आता तालुक्याच्या गावातही गल्लोगल्ली भेटतात. ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं की यादी ठरलेली असते. नायगरा, डिस्नेलँड, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, मोठमोठे मॉल आणि तिथलं आपलं एखादं देऊळ. त्यात वावगं काहीच नाही. पण आज मी एका अशा ठिकाणाबद्दल सांगणार आहे, जिथे तिकीट नाही, रोषणाई नाही, झोपाळे-पाळणे नाहीत, आणि तरीही माणसं तासन्‌तास कठड्याला टेकून उभी असतात. हे ठिकाण म्हणजे सिएटल शहरातली बॅलार्ड लॉक्स.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं, कॅनडाच्या सीमेजवळचं शहर. संगणकाच्या मोठ्या कंपन्या या भागात आहेत, त्यामुळे मराठी माणसंही पुष्कळ. पुण्या-मुंबईचीच नव्हे, तर सांगली, लातूर, जळगावकडचीही मुलं इथे घरं करून राहिली आहेत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच एक. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेले असताना एका शनिवारी भावजय म्हणाली, “ताई, आज मॉलबिल नको. तुम्हाला लॉक्स दाखवते.” तिची आईही तेव्हा तिथे आलेली होती. काकू लगेच म्हणाल्या, “अगं, कुलपं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?” सगळे हसलो. पण खरं सांगायचं तर काकूंनी माझ्याही मनातलंच विचारलं होतं.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पनामा कालवा होता, आठवतो? त्यात जहाजं पाण्याच्या पायऱ्या चढून जातात असं वाचल्याचं मला अंधुक आठवत होतं. पुस्तकी मराठीत लॉकला ‘जलपाश’ म्हणतात. शब्द छान आहे, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. मी आपली सोपी व्याख्या केली आहे : लॉक म्हणजे बोटींसाठी पाण्याचीच लिफ्ट.

दोन पाण्यांमधला उंबरा

सिएटलची रचना मोठी गमतीची आहे. शहराच्या एका बाजूला समुद्राची खाडी, तिचं नाव प्युजेट साउंड. दुसऱ्या बाजूला लेक वॉशिंग्टन नावाचं सुमारे ३५ किलोमीटर लांबीचं गोड्या पाण्याचं तळं. मध्ये आणखी एक छोटं तळं, लेक युनियन. ही सगळी पाणी जोडली तर लाकूड आणि कोळसा थेट समुद्रापर्यंत नेता येईल, ही कल्पना थॉमस मर्सर या वसाहतवाल्याने १८५४ मध्येच मांडली होती. प्रत्यक्ष काम मात्र १९११ मध्ये सुरू झालं आणि ४ जुलै १९१७ रोजी समारंभपूर्वक उद्घाटन झालं. ज्यांनी यासाठी खटपट केली ते लष्करी अभियंता हायरम चिटेंडन. तब्येत ढासळल्यामुळे त्यांना आधीच निवृत्त व्हावं लागलं होतं आणि उद्घाटनाच्याच वर्षी, ऑक्टोबरात ते वारले. आज या लॉक्सना त्यांचंच नाव आहे. बॅलार्ड हे तिथल्या वस्तीचं नाव, म्हणून लोक बॅलार्ड लॉक्स म्हणतात.

अडचण अशी, की तळ्याचं पाणी समुद्रापेक्षा उंचावर आहे. भरती-ओहोटीप्रमाणे हा फरक कधी ६ फूट असतो, तर कधी २६ फूट. म्हणजे ओहोटीच्या वेळी जवळजवळ दोन मजले! नुसता कालवा खणला असता तर तळं समुद्रात रिकामं झालं असतं. म्हणून मध्ये बांध घातला आणि बोटींना जायला दोन कप्पे ठेवले. एक मोठा, ८२५ फूट लांब आणि ८० फूट रुंद. दुसरा लहान, १५० फूट लांब आणि ३० फूट रुंद.

आम्ही कठड्यापाशी उभ्या राहिलो तेव्हा समुद्राकडून पाच-सहा लहान बोटी आत आल्या. कामावरच्या माणसांत एक पंचविशीची मुलगीही होती. अंगात तरंगणारं जाकीट, हातात जाड दोर. बोटीवरच्या माणसांना ती खणखणीत आवाजात सूचना देत होती आणि पांढऱ्या केसांचे आजोबासुद्धा निमूटपणे ऐकत होते. काकूंना ते फार आवडलं.

बोटी नीट लागल्या, मागचा दरवाजा बंद झाला. मग जमिनीखालच्या मार्गाने तळ्याचं पाणी कप्प्यात सोडलं. आवाज नाही, धक्का नाही. आधी आम्हाला बोटींची फक्त छपरं दिसत होती. हळूहळू माणसांची डोकी दिसली, मग चेहरे, मग एका बोटीतला कुत्रा. दहा-पंधरा मिनिटांत सगळी वरात आमच्या समोर, हात लांब केला तर शिवता येईल इतकी वर आली. पुढचा दरवाजा उघडला आणि बोटी तळ्याच्या दिशेने निघून गेल्या. जाताना हात हलवून निरोपसुद्धा!

मी भाचीला विचारलं, “एवढं पाणी वर चढवायला पंप किती मोठा लागत असेल गं?” ती म्हणाली, “आत्या, पंप नाहीच. पाणी वरून खाली येतं ना, तेच बोटीला उचलतं.” खरंच की! भरायचं तर तळ्याचं पाणी आत सोडायचं, रिकामं करायचं तर समुद्रात सोडायचं. पाण्याला आपल्या उताराने जाऊ द्यायचं, फक्त दारं वेळेवर उघडायची आणि लावायची. दारांची करामतही पाहण्यासारखी आहे. दोन्ही झडपा सरळ रेषेत मिटत नाहीत. नमस्कार करताना नुसती बोटांची टोकं टेकवावीत तसा त्यांचा कोन होतो, आणि तो कोन तळ्याकडे असतो. त्यामुळे तळ्याच्या पाण्याने जितका जास्त दाब द्यावा, तितकं दार अधिक घट्ट बसतं. वर्षाला ४० हजारांहून जास्त बोटी इथून ये-जा करतात. कुणालाही एक पैसा पडत नाही.

आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती मिठाची. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं हे आपल्याला ठाऊकच आहे. दार उघडलं की हे जड पाणी तळाशी लपतछपत आत शिरतं. ते तळ्यात पसरलं तर गोड्या पाण्यातली जीवसृष्टी संपेल. म्हणून मोठ्या कप्प्याच्या तळाशी एक अडसर आहे आणि आत शिरलेलं खारं पाणी पुन्हा समुद्रात सोडणारी वाटही आहे. घराच्या उंबऱ्याचं काम तरी दुसरं काय असतं? येणाऱ्याला येऊ द्यायचं, पण बाहेरची धूळ बाहेरच ठेवायची.

काचेपलीकडची माहेरवाशीण

बोटी पाहून झाल्यावर भावजयीने आम्हाला बांधावरून पलीकडे नेलं. तिथे काही पायऱ्या उतरून एक खोली आहे. अर्धवट अंधार, भिंतीला मोठमोठ्या काचा आणि काचेपलीकडे हिरवट, फेसाळ पाणी. त्या पाण्यात माझ्या हाताएवढे लांब मासे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थरथरत उभे होते. मधूनच एखादा शेपटीचा फटकारा मारून पुढे निघून जायचा.

हे सॅमन. सॅमनचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो. पिल्लं मोठी होत होत समुद्रात जातात, तिथे काही वर्षं राहतात, आणि अंडी घालायची वेळ आली की पुन्हा जन्मगावच्या नदीकडे निघतात. हजारो मैलांच्या समुद्रातून आपली नदी ओळखायची कशी? तर वासाने! प्रत्येक नदीच्या पाण्याचा वास त्यांना पिल्लूपणापासून पाठ असतो. एकदा गोड्या पाण्यात शिरल्यावर हे मासे काही खात नाहीत. अंगातली साठवलेली ताकद वापरत वर चढायचं. मादी शेपटीने नदीतली खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, खडीने झाकते. आणि मग नर-मादी दोघंही तिथेच प्राण सोडतात.

हे ऐकून काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघाल्यात बिचाऱ्या, आणि परत यायचं नाही.”

बांधामुळे माशांची वाट अडू नये म्हणून इथे त्यांच्यासाठी पाण्याचा जिना केला आहे. सुरुवातीपासून एक जिना होता, पण तो माशांना फारसा मानवला नाही. १९७६ मध्ये नव्याने बांधला, त्याला आता २१ पायऱ्या आहेत. पायऱ्या ठेंगण्या, प्रत्येक पायरीवर जरा थांबायला जागा. जुलैत सॉकाय जातीचे मासे, ऑगस्टमध्ये सर्वांत मोठे चिनूक आणि सप्टेंबरअखेर कोहो, असा त्यांचा क्रम. काही माशांच्या पाठीवर मागच्या बाजूचा छोटा पर नव्हता. भाचीने सांगितलं, ते सरकारी केंद्रात जन्मलेले. ओळख पटावी म्हणून लहानपणीच तो पर कापतात.

जाणाऱ्यांची सोय झाली, पण येणाऱ्या पिल्लांचं काय? वसंत ऋतूत लहान पिल्लं समुद्राकडे निघतात. त्यांच्यासाठी बांधावर पाण्याच्या घसरगुंड्या लावतात. मोठ्या कप्प्याच्या भुयारी मार्गाला समुद्रातल्या कवचधारी जीवांचा धारदार थर बसतो, त्याने पिल्लं सोलवटून निघायची. म्हणून कप्पा रिकामा करून तो थर खरवडून काढतात. एका दाराजवळ सील माशाचे भाऊबंद शोभावेत असे धिप्पाड समुद्रसिंह येऊन बसायचे आणि दमलेले मासे आयते गट्ट करायचे. त्यांना घाबरवायला १९९० च्या दशकात फायबरचा खोटा देवमासासुद्धा पाण्यात सोडून पाहिला! शेतातल्या बुजगावण्याला पाखरं जितकी भितात, तितकेच ते त्याला भ्यायले.

ती नदी कुठे गेली?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वा, किती विचार करतात ही माणसं! मलाही तेच वाटलं. पण गावात समाजकार्य करताना एक सवय लागली आहे. कुठलंही मोठं काम दिसलं की विचारायचं, याआधी इथे काय होतं आणि कोण होतं?

कालव्याचं पाणी एका पातळीत आणण्यासाठी १९१६ मध्ये लेक वॉशिंग्टन सुमारे ९ फुटांनी खाली उतरवलं. याआधी या तळ्याचं पाणी दक्षिणेकडून ब्लॅक नावाच्या नदीतून बाहेर पडत असे, पुढे ड्युवामिश नदीला मिळून समुद्राला जाई. माशांची जुनी वाट तीच. तळं उतरलं आणि ब्लॅक नदीच्या तोंडाशी पाणीच पोचेना. काही आठवड्यांत अख्खी नदी आटली. नदीकाठी ड्युवामिश या मूळ रहिवाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. डबक्यांमध्ये मासे तडफडत राहिले आणि लांबलांबचे लोक पोती घेऊन ते भरून न्यायला आले, अशी आठवण त्या जमातीतल्या एका वृद्धाने सांगून ठेवली आहे.

शहराला ज्याचं नाव दिलं तो सरदार सिएटल हा या लोकांचाच पुढारी. १८५५ च्या करारात त्यांची जमीन गेली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क लेखी दिलेला होता. नदीच गेल्यावर कागदावरच्या हक्काचं करायचं काय?

लॉक्सच्या अगदी जवळ, खाडीच्या काठावर ‘सॅमन बे चार्ली’ या नावाने ओळखला जाणारा एक म्हातारा आणि त्याची बायको राहत. ती दोघं मासे, शिंपल्या, रानातली फळं बॅलार्डच्या घरोघरी विकून पोट भरत. आपल्याकडे पाटी घेऊन दारावर येणाऱ्या मावशी असतात ना, तसंच. कालव्याचं काम आलं त्या सुमारास बायको वारली आणि चार्लीला तिथून उचलून राखीव वसाहतीत नेऊन ठेवलं. आज त्या जागी बोटी तरंगतात.

हे वाचलं आणि मला आपल्याकडच्या धरणग्रस्त बायका आठवल्या. कोयना, जायकवाडी, उजनी. या धरणांच्या पाण्यावर किती शेतं हिरवी झाली, किती घरांत दिवे लागले! ते नाकारणारी मी नाही. पण ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं, त्या बायकांशी बोलताना जमिनीच्या मोबदल्याआधी त्या दुसरंच काही सांगतात. घाटावरची धुण्याची जागा, ग्रामदेवतेचं देऊळ, माहेरी जायची पायवाट. सरकारी यादीत या गोष्टींना रकाना नसतो.

तरीही सिएटलची गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच ती मला तुम्हाला सांगाविशी वाटली. १९६० आणि ७० च्या दशकांत त्या भागातल्या नद्यांवर मूळ रहिवाशांनी मासे धरण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं. जाळं टाकलं की अटक, असे ते दिवस होते. त्यात जॅनेट मॅक्क्लाउड, रामोना बेनेट यांच्यासारख्या बायका आघाडीवर होत्या. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला : १८५५ चा करार आजही बांधील आहे आणि धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा करार केलेल्या जमातींचा. त्यानंतर माशांचं रक्षण कसं करायचं हे ठरवतानाही या जमातींना सरकारच्या बरोबरीने बसवावं लागलं. खुद्द ड्युवामिश जमातीला मात्र केंद्र सरकारची स्वतंत्र मान्यता मिळालेली नाही. त्यांचा लढा चालूच आहे. २००९ मध्ये त्यांनी आपल्या नदीच्या जवळ पारंपरिक लाकडी ‘लाँगहाउस’ उभारलं. शिकवणं, जमणं, सण सगळं तिथे होतं.

आणि मासे? जिना असला तरी वाट सोपी नाही. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी तापतं आणि थकलेले मासे अंडी घालण्याच्या जागी पोचण्याआधीच दगावतात. सॉकाय इतके रोडावले, की हौशी लोकांना तळ्यात ते धरायची मोकळीक शेवटची मिळाली ती २००६ मध्ये. एकदा मोडलेली वाट पुन्हा बांधायची तर शंभर वर्षंही पुरत नाहीत, हे त्या काचेसमोर उभं राहिलं की नीट कळतं.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की वाटते. कुठलंही काम काढताना, मग ते धरण असो, रस्ता असो की आपल्या गल्लीतलं गटार, ‘यामुळे कुणाची वाट अडणार आहे?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. मागाहून जिना बांधता येतो, पण आटलेली नदी परत आणता येत नाही. ग्रामसभेत आता बायका बसतात. तिथे हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

जाणार असाल तर

तुमच्यापैकी कुणाची मुलं, सुना, जावई सिएटलकडे असतील आणि तुमचं जाणं होणार असेल, तर बॅलार्ड लॉक्ससाठी एक दिवस नक्की राखून ठेवा. मासे पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर हे दिवस बरे. सकाळी जा, दशम्या-चटणी बरोबर घ्या. शेजारीच सात एकरांची सुंदर बाग आहे. कार्ल इंग्लिश या माळीबुवांनी चाळीसेक वर्षं खपून, देशोदेशींची बियाणी मागवून ती उभी केली. तिथल्या हिरवळीवर बसून खाता येतं. उन्हाळ्यातही पाण्यावरून गार वारा येतो, तेव्हा स्वेटर हवाच. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये, बांधावरची वाट अरुंद आहे पण सपाट आहे. लहान कप्प्याजवळ उभं राहिलं तर बोटी सगळ्यात जवळून दिसतात.

आणि नातवंडं बरोबर असतील तर बोटी, मासे दाखवून झाल्यावर त्यांना ब्लॅक नदीचीही गोष्ट सांगा. आमच्या भाचीला शाळेत लॉक्स शिकवली होती, पण या नदीचं नाव ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होती. घरी आल्यावर तिने नकाशा काढला आणि रेंटन गावाजवळ बोट ठेवून विचारलं, “आत्या, इथे होती?”